एका भरगच्च रविवाराची थंडी

काल कंपूच्या वळणावर गजकवाल्यानं हातगाडी लावली. कुटलेल्या तिळागुळाचा तो खमंग वास नाकात शिरला आणि मी तिथेच, टेम्पोवाल्यांच्या शिव्या खात, रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. ग्वाल्हेरात हिवाळा पंचांग बघून येत नाही. तो मुरैन्याकडून गजकेच्या गाडीवर बसून येतो आणि होळीच्या आधी तिच्यावरच बसून परत जातो. त्या वासानं बाकीच्या जगाच्या तोंडाला पाणी सुटतं. माझं तोंड कडू होतं. गूळ चोख असतो, तिळात खोट नसते. बिघडली आहे ती माझी जीभ, आणि ती बिघडली एका हिवाळ्यात, कंपूच्या बाजूच्या एका तबेल्यात.

तशी थंडी आता पडत नाही. मी सांगायला लागले की नातवंडं एकमेकांना कोपर मारतात. मारू देत. धुकं असं पडायचं की महाराज बाड्यावरच्या घड्याळाला स्वतःचे काटे दिसत नसत आणि ते बिचारं अंदाजानं टोले द्यायचं. दूधवाला भांड्यात ओतून जायचा ते दूध की धुकं हे उकळल्याशिवाय कळत नसे. बरेचदा उकळूनही कळत नसे. एक टांगेवाला लगाम सोडून गाडीवरच झोपला तो जागा झाला थेट सासुरवाडीच्या दारात. घोड्यानं विचार केला असेल, असल्या थंडीत माणूस आणखी कुठे निघणार. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण त्या टांगेवाल्याच्या सासूला ओळखणारी बाई माझ्या चांगल्या ओळखीची होती.

मी नगरकडची. लग्न करून लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या या जुन्या भागात, आले म्हटल्यावर माहेरी दोन म्हाताऱ्यांना वाटलं, पोरगी फौजेत गेली. इथे आले तर घरात मराठी, दारात हिंदी, आणि उंबरठ्यावर दोन्हींची खिचडी. शेजारीण म्हणायची, "सूनबाई, आज भाजीत मिर्च जास्त पडून गेली." धाकटा दीर म्हणायचा, "वहिनी, मी जाऊन राहिलोय." तो जाऊन राहायचा आणि मी दारात उभी राहून त्या वाक्याकडे बघत राहायची. कानांना घरचं बोलणं ऐकायला मिळायचं ते फक्त रविवारी सकाळी, उपासनेत. कारण आमच्या चर्चचे पाळक भिंगारदिवे नगर जिल्ह्यातलेच. प्रार्थना करताना ते देवाशी असे बोलायचे जसा आमच्या गावचा पाटील विहिरीवर दुसऱ्या पाटलाशी बोलतो. ते दोन तास माझं माहेर होतं. बाकी सासरवास होता असं नव्हे. पण माहेर ते माहेर.

देवालय म्हणजे कोण्या एका सरदाराचा जुना तबेला. आम्हा ख्रिस्ती माणसांत एका देवळात जमणाऱ्या लोकांना मंडळी म्हणतात, आणि आमची मंडळी तबेल्यातली म्हणून गावभर ओळखली जायची. पावसाळ्यात भिंतींना घोड्यांचा वास सुटायचा. माझे सासरे, म्हणजे मामंजी, म्हणायचे की प्रभूचा जन्म गोठ्यातला, आपण त्याच्याहून एक पायरी वर आहोत. मामंजी दरबारच्या छापखान्यात खिळे जुळवायचे. जन्मभर उलटी अक्षरं वाचून त्यांना माणसंही उलटी वाचायची सवय लागली होती. जो गोड बोलेल त्याला ते लबाड समजत आणि जो शिव्या देईल त्याला संत. मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलजनांत ते सगळ्यांत जुने. त्यांचा आवाज असा की त्यांनी 'आमेन' म्हटलं की किल्ल्यावरची कबुतरं उडायची आणि दुसरं 'आमेन' होईपर्यंत खाली बसायची नाहीत.

सासूबाई सांगायच्या, की ही मंडळी उभी राहिली ती एका जुन्या पुढाऱ्यामुळे. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी ते गेले. मिशनचे मोठे अधिकारी, पण यायचे टांग्यानं, उतरायचे कोणाच्याही ओसरीवर आणि आल्याबरोबर विचारायचे, घरात आजारी कोण आहे. मग एकेकाला जवळ बसवून विचारायचे, तुला काय येतं? कोणाला गाता येई, कोणाला स्वयंपाक, एकाला नुसतंच खुर्च्या दुरुस्त करता येत. ते म्हणायचे, मग तेच कर, पण देवळासाठी कर. त्यांनीच बघितलं की इथल्या मराठी माणसाला प्रवचनात झोप येते आणि कीर्तनात जाग येते. म्हणून नगरकडून हुडकून कीर्तन करणारा पाळक पाठवला: भिंगारदिवे. पाठवून ते विसरले नाहीत. दर हिवाळ्याला येऊन पाळकाच्या बायकोला विचारत, लाकडं पुरतात का? मंडळी वाढवण्यात पुढाऱ्याचा हात किती असावा, असं मला कोणी विचारलं तर मी सांगेन, लाकडं पुरतात का एवढं विचारण्याइतका. पण आजपर्यंत कोणी विचारलं नाही, आणि ज्यांनी विचारायला हवं होतं त्यांच्याकडे वाढीचं उत्तर आधीच तयार होतं.

भिंगारदिवे पाळक अंगानं असे बारीक की वाऱ्याच्या दिवशी त्यांची बायको त्यांच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा टाकून मग घराबाहेर सोडायची. कीर्तनाला उभे राहिले की मात्र तोच माणूस छपराला टेकायचा. डोक्याला पगडी, खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या. उधळ्या पुत्राचं आख्यान लावलं की पोरगा घर सोडून निघतो तिथे बायका रडायच्या आणि तो डुकरांचा कोंडा खातो तिथे पुरुष. पेटीवर मी असायची. पेटीचे दोन स्वर जन्मापासून मुके होते. ते मी घशातून भरून काढायची. पण पाळकांचं खरं काम कीर्तनाचं नव्हतं. रोज दुपारी ते कंपूच्या दवाखान्यात जायचे आणि ज्याच्याजवळ कोणी नसेल त्याच्या खाटेशी बसायचे. धर्म, जात विचारायचे नाहीत. घरून पेज न्यायचे, तोंड पुसायचे, कुशीवर वळवायचे. शेजारच्या गल्लीतल्या, दाना ओळीतल्या, गोदूकाकूंचा नवरा असाच महिनाभर खाटेला होता. चांगलं घरंदाज ब्राह्मण घर, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मुलगा बदलीवर, भाऊबंद भोपाळला. शेवटच्या दिवशी पाळकच होते जवळ. तेव्हापासून गोदूकाकू सणासुदीला पाळकांच्या घरी ताट झाकून पाठवायच्या, आणि रस्त्यात भेटले तर डोक्यावरचा पदर नीट करून उभ्या राहायच्या.

आता त्या हिवाळ्याचं सांगते.

संस्थान केव्हाच विलीन झालं होतं. मग राज्यांची पुनर्रचना झाली आणि राजधानीचा मान भोपाळला गेला. लष्करातल्या कचेऱ्या गाठोडी बांधून निघाल्या. कपाटं गेली, खुर्च्या गेल्या, कारकून गेले. एका कचेरीची मांजर म्हणे सरकारी मालात नोंदलेली होती, ती पण गेली. जो तो दुसऱ्याला जोडत सुटला होता. संस्थान राज्यात, राज्य राज्यात, खातं खात्यात. मग आमचे धर्मपुढारी तरी हातावर हात ठेवून कसे बसणार? मिशन गोऱ्या साहेबांच्या हातून देशी माणसांच्या हाती आलं होतं. सगळ्या मंडळ्यांवर एक मध्यवर्ती मंडळ बसलं होतं आणि त्या मंडळावर एक अध्यक्षसाहेब. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर आम्ही सावध राहिलो असतो. तो उत्साही होता. त्याला मंडळ्या वाढवायच्या होत्या, आणि वाढ म्हणजे काय हे त्याला भरलेल्या बाकांवरून कळायचं.

दिवाळीच्या सुमारास निरोप आला. लहान, पोकळ मंडळ्या जवळच्या मोठ्या मंडळीत जोडणार. ज्या भरलेल्या आणि वाढत्या असतील त्या जशाच्या तशा राहणार. नाताळच्या आधीच्या एका रविवारी अध्यक्षसाहेब स्वतः येऊन बघणार. आमच्यासाठी याचा अर्थ असा, की आम्ही कमी दिसलो तर तबेल्याला कुलूप, रविवारी पलीकडच्या मोठ्या हिंदी चर्चमध्ये जायचं, आणि भिंगारदिव्यांना मराठी सोडून कीर्तन येत नव्हतं, म्हणजे त्यांना नारळ. माझ्या पोटात तेव्हा थोरला होता. पाळकांनी कबूल केलं होतं, ईस्टरला बाप्तिस्मा देईन, आणि त्या दिवशी आख्यान लावीन ते तुझ्या गावच्या चालीवर. मी ते माहेरी कळवूनही टाकलं होतं. माझी आई तेवढ्यासाठी नगरहून येणार होती, जी कधी बारा कोसांपलीकडे गेली नव्हती.

आणि आम्ही कमी होतो. कचेऱ्यांबरोबर आमचीही घरं भोपाळला गेली होती. थंडीत बाकांवर माणसांपेक्षा घोंगड्या जास्त असायच्या.

मामंजींनी तोड काढली. ती फक्त त्यांनाच सुचू शकत होती, आणि फक्त लष्करातच चालू शकत होती. इथली रीत अशी, की शेजाऱ्याकडे कार्य असेल आणि माणसं कमी दिसत असतील तर गल्लीनं जाऊन पंगत भरायची. लग्नात वऱ्हाड कमी पडलं तर वाण्याची, तेल्याची, कोणाचीही पोरं सजून उभी राहतात. दुसऱ्या गावचा व्याही समजतो, काय गोतावळा आहे. मामंजी म्हणाले, मग देवळात काय वेगळं? आणि काठी घेऊन निघाले. दाना ओळीत दारोदार फिरले. प्रत्येक घरी एकच सांगणं: रविवारी पाळकांचं कीर्तन आहे, बाहेरचे पाहुणे आहेत, शोभा राहिली पाहिजे. कोणी नाही म्हटलं नाही. मराठा घरांतून म्हातारे शिपाई येतो म्हणाले, ब्राह्मण घरांतून वकील, मास्तर. गोदूकाकूंनी विचारलं फक्त, सोवळ्यानं यायचं की साधं?

रविवारी धुकं असं होतं की देऊळ सापडायला माझ्या पेटीचा आवाज लावावा लागला. त्या आवाजाच्या रोखानं सगळी दाना ओळ तबेल्यात शिरली. शाली, मफलर, कानटोप्या, दोन जुन्या पगड्या. बायकांनी थंडीचं निमित्त करून पदर भुवयांपर्यंत ओढले होते म्हणून कुंकवं झाकलेली. दाराबाहेर जोड्यांचा असा डोंगर झाला की अध्यक्षसाहेबांची जीप त्याला वळसा घालून उभी राहिली. घोडे असतानासुद्धा त्या तबेल्यात एवढी ऊब झाली नसेल.

पाळक पगडी बांधत होते. त्यांनी पडदा बाजूला करून बघितलं, मग मामंजींकडे. मी पेटीपाशी होते, म्हणून ऐकलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"दादा, ही माणसं एका हाकेवर आली."

"आली की," मामंजी म्हणाले. "शेजारधर्म आहे."

"मग आपण त्यांना आजवर का नाही बोलावलं?"

मामंजी वळले आणि बाकांवरच्या घोंगड्या सारख्या करू लागले.

कीर्तन झालं ते विचारू नका. मी नेहमी वाढवून सांगते हे मला माहीत आहे, पण त्या दिवसाचं मला वाढवता येत नाही. ते माझ्या वाढवण्याच्या पलीकडे होतं. दाना ओळीतल्या लोकांच्या रक्तात कीर्तन. ध्रुवपद आलं की सगळा तबेला एका गळ्यानं उचलायचा. वकील मांडीवर ठेका धरून होते. मेंढरू हरवतं आणि मेंढपाळ त्याला शोधायला निघतो तिथे एका जुन्या शिपायानं हुंदका दिला तो छपराच्या कौलांनी ऐकला. माझ्या पेटीचे मुके स्वरसुद्धा त्या दिवशी वाजले असं मी शपथेवर सांगते; निदान ते मुके आहेत हे कोणाला कळलं नाही.

अध्यक्षसाहेबांनी डोळ्यांना रुमाल लावला. मग आशीर्वाद झाला आणि तिथे घोटाळा झाला. आमच्यात आशीर्वाद झाला की माणसं हात मिळवतात, सलाम करतात, घरी जातात. दाना ओळीला कीर्तन संपल्यावर काय करायचं ते कोणी शिकवायला नको होतं. गोदूकाकू उठल्या आणि बुवांच्या पाया पडल्या. शेजारी साहेब बसलेले. मोठे दिसतात म्हणून त्यांच्याही पडल्या. त्यांच्या मागे रांग लागली. वकील, मास्तर, शिपाई, सगळी गल्ली, एकामागून एक, वाकून, डोकं टेकवून. अध्यक्षसाहेब आधी पाय मागे घेत होते. मग त्यांनी पाय राहू दिले. माणसाला आपल्या पायांची किंमत कळायला फार वेळ लागत नाही.

मग ते उभे राहिले. हिंदीत बोलले, फार सुंदर हिंदी. म्हणाले, या उत्तरेत मी पुष्कळ मंडळ्या बघितल्या, पण इतकी नम्रता आणि इतका भक्तिभाव बघितला नाही. मामंजींनी माझ्याकडे बघून एक भुवई उचलली. जिंकलो होतो आम्ही. मग साहेब म्हणाले:

"यह मंडली अब बच्ची नहीं रही। जो बच्चा चलने लगे, उसे माँ गोद से उतार देती है।"

आणि त्यांनी जाहीर केलं की लष्करची मंडळी कुठेही जोडली जाणार नाही. ती आदर्श आहे. तिला आता पाळकाच्या टेकूची गरज नाही. तिचे वडीलजनच ती चालवतील. आणि ज्या माणसाच्या हातानं हे पीक आलं त्याला आम्ही नव्या शेतावर पाठवू, शिवपुरीपलीकडच्या जंगलात, जिथे अजून नांगर लागलेला नाही. नव्या वर्षापासून. हा त्याचा सन्मान आहे.

मग त्यांनी विचारलं, कोणाला काही म्हणायचं आहे?

आता या प्रश्नाकडे जरा थांबून बघा. आम्ही काय म्हणायचं? साहेब, ही माणसं आमची नाहीत? मग दुपारपर्यंत कुलूप. काहीच म्हणायचं नाही? मग पाळक जातात. मामंजींचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. किल्ल्यावरची कबुतरं त्या दिवशी निवांत होती. नाताळचा तारा वर टांगलेला होता, त्याच्याकडे सगळे असे बघत होते जणू तो आता काही सांगेल.

उठल्या त्या गोदूकाकू. पदर मागे सरला होता, कपाळ दिसत होतं. नवरा गेल्यापासून त्यावर कुंकू नव्हतं, त्यामुळे साहेबांना त्यात काही वावगं दिसलं नाही.

"पाळकांना नेऊ नका," त्या म्हणाल्या. "माझ्या माणसाचं तोंड शेवटी यांनी पुसलं. दुसऱ्यांचं कोण पुसेल?"

कोणीतरी साहेबांना हिंदीत सांगितलं. साहेब विरघळले. जवळ येऊन त्यांनी काकूंच्या डोक्यावर हात ठेवला आणि सभेकडे वळून म्हणाले, बघा, याला म्हणतात मंडळीचं प्रेम, या एका बहिणीच्या साक्षीनं माझा निर्णय पक्का झाला. ज्या बाईचा त्या देवळात एक बाकसुद्धा नव्हता तिनं तोंड उघडलं, आणि तिचं ते बोलणंच आमच्यावरची मोहर ठरलं. पुढे कित्येक वर्षं मी सभांमधून पुढाऱ्यांची भाषणं ऐकली, वाढीचे उपाय ऐकले. दरवेळी मला त्या डोक्यावर ठेवलेल्या हाताची आठवण येते. हात प्रेमानंच ठेवला होता. फक्त ज्या डोक्यावर ठेवला होता त्यात काय आहे ते विचारलं नव्हतं.

त्या दिवशी घरी मामंजींनी गजकेचा तुकडा तोंडात धरला आणि तसाच बाहेर काढून ताटलीत ठेवला. सासूबाई म्हणाल्या, कडक आहे का? ते म्हणाले, नाही, गोड आहे.

पाळक गेले ते छोट्या गाडीनं. आमची ती अरुंद रुळांची आगगाडी म्हणजे खेळण्याला लाज आणील अशी. तिच्यातून उतरून पेरू तोडावेत, पेरूवालीशी भांडण करावं, भांडण मिटवावं आणि पुढच्या डब्यात चढावं. एकदा एक म्हैस तिच्याबरोबर शर्यतीत धावली आणि मध्येच कंटाळून चरायला निघून गेली, वाट बघायला तिला वेळ नव्हता. त्या दिवशी मात्र मेली वेळेवर सुटली. पाळकांची बायको ट्रंकेवर बसली होती. सगळी दाना ओळ पोचवायला आली होती, पुन्हा त्याच शाली, तेच मफलर. या खेपेला कोणी बोलावलं नव्हतं.

मी त्यांना विचारलं, तुम्ही का नाही बोललात? तुम्ही खरं सांगितलं असतं तर?

"पोरी, सांगितलं असतं तर देवळाचं दार गेलं असतं. नाही सांगितलं तर मी जातो. दोन्हींत उचलायला हलका मीच होतो." आणि खिशातला किल्ल्यांचा जुडगा काढून त्यांनी मामंजींच्या हातात दिला.

त्यानंतर आम्ही आदर्श होतो. आदर्श होण्याइतकी वाईट पाळी शत्रूवरही येऊ नये. अध्यक्षसाहेब जातील तिथे आमचं उदाहरण देत. मग दूरदूरच्या मंडळ्यांतून माणसं आम्हाला बघायला येऊ लागली. लष्करची वाढ कशी झाली ते शिकायला. ती यायची तेव्हा तबेल्यात मी असायची, माझी पेटी, आणि चार घोंगड्या; त्यांतल्या दोनांत माणसं. मामंजी उपदेश करायचे. ते उपदेशही उलटेच वाचत, शेवटाकडून सुरुवातीकडे. लोक एक रविवार ऐकत आणि पुढच्या रविवारी सर्दीचं निमित्त काढत. दवाखान्यात पेज घेऊन कोणी गेलं नाही. मंडळाला आम्ही दोनदा सांगून पाठवलं, पाळक द्या. उत्तर आलं, तुम्ही सशक्त आहात, दुबळ्यांचा विचार करा.

लोक समजतात मंडळी भांडणांनी मोडते. भांडायला माणसं लागतात. आमची मोडली ती कौतुकानं.

एकट्या गोदूकाकू यायच्या. दर रविवारी, शाल घेऊन, शेवटच्या बाकावर. मी एकदा म्हटलं, काकू, आता कीर्तन नाही, मामंजींचं ऐकायला कशाला येता थंडीत? त्या म्हणाल्या, "अगं, आम्ही तर केव्हाचे वाट पाहून राहिलो होतो, कोणी बोलवेल म्हणून. आता बोलावलंय, तर रोज रोज थोडंच बोलावतील." मामंजींनी ते ऐकलं आणि पुस्तकात तोंड घातलं.

थोरल्याचा बाप्तिस्मा ईस्टरला झाला नाही. आई नगरहून आली, आठवडाभर राहिली, गजक खाऊन परत गेली. दात पडले होते, तरी चोखून खाल्ली, म्हणाली, तुझं गाव गोड आहे हो. पुढच्या हिवाळ्यात मंडळाला कळलं की आदर्श मंडळी रिकामी आहे. कोणाला शिक्षा झाली नाही, कोणी चूक म्हटलं नाही. एकत्रीकरण राहून गेलं होतं ते पूर्ण झालं, एवढंच. त्या शेवटच्या रविवारी मंडळाचा एक माणूस कुलूप घेऊन आला होता. तो दारात उभा राहून वाट बघत होता, आणि मी गीत लांबवत होते. शेवटी बोटं गारठली. पेटीचा भाता दाबून बंद केला तेव्हा गोदूकाकू जवळ आल्या आणि म्हणाल्या:

"सूनबाई, आता रविवारी मी कुठे येऊ?"

त्या मोठ्या हिंदी चर्चमध्ये त्यांना न्यायचं माझ्या मनात आलं होतं. पण तिथे आम्हीच पाहुण्यासारखे शेवटच्या बाकावर बसत होतो. थोरल्याचा बाप्तिस्मा तिथेच झाला, हिंदीत. पोरगं रडलं नाही. मी रडले. आज तो भोपाळला आहे, फोनवर म्हणतो, आई, काय करून राहिलीस? मी म्हणते, बाळा, राहिलेय.

काल गजकवाल्याच्या वासात मी एवढी का अडकले, तर परवा त्याच हिंदी चर्चच्या सभागृहात शिबिर होतं: मंडळी वाढवण्याचं. नवे अध्यक्ष आलेत. तरुण, हसरा, गोड पोरगा. भिंतीवर चित्र टाकलं होतं, त्यात एक बाण तिरपा वर जात होता. आधी वर, मग आणखी वर. छत नसतं तर चंद्राला लागला असता. समोसे होते. चित्र संपल्यावर त्यानं जुन्या माणसांना बोलतं केलं. माझ्यापाशी येऊन खाली बसला, चक्क गुडघ्यावर, आणि म्हणाला, अम्मा, आपने तो बहुत देखा होगा। पुरानी मंडली कैसी थी, भरी रहती थी?

माझ्याजवळ एवढी मोठी गोष्ट तयार होती. जोड्यांचा डोंगर, वळसा घालणारी जीप, छपराला टेकणारे पाळक. लोक पोट धरून हसले असते. पण मला का कोण जाणे, सांगावीशी वाटली नाही. मी म्हटलं:

"एक बार भरी थी बेटा। भरी देखी, तो चरवाहे को उठा ले गए।"

चरवाहा म्हणजे आमचे पाळक, हे त्याला कळलं नाही, पण तो हसला. पुढाऱ्यांना तेवढं येतं. मग त्यानं विचारलं, अम्मा, हमसे क्या हो सकता है, बताइए।

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, हमारी एक पड़ोसन है, पूछती है, अब इतवार को मैं कहाँ आऊँ? उसे क्या कहूँ?

त्यानं लगेच मोबाइल काढला. म्हणाला, पता दे दीजिए अम्मा, किसी को भेज देंगे।

मी पत्ता दिला. दाना ओळी, तेल्याच्या दुकानावरचा जिना, डावीकडचं दार. त्यानं दोनदा विचारून नीट लिहून घेतला. तिथे आता मोबाइलची दुरुस्ती होते, आणि काकूंना जाऊन माझ्या थोरल्याच्या लग्नाइतकी वर्षं झाली. पण बोलावणं निघालं आहे. या खेपेला कोणाची शोभा राखायला नाही निघालं, एवढं तरी मी काकूंना सांगू शकेन.